तीन भिंतींची खोली

"मी वेडी झालेय का, एवढंच मला शोधून सांगा," काकू म्हणाल्या. "झाले असेन तर मुकाट्याने जाईन."

मास्तरांच्या हातातला चहाचा कप अर्ध्यावरच थांबला. बहिणीच्या या खोलीत त्यांनी नाना तऱ्हेची माणसं पाहिली होती. पळून गेलेल्या नवऱ्यांच्या बायका, हरवलेल्या अंगठ्यांचे मालक, एकदा तर हरवलेला नवरा स्वतःच. पण संशयित म्हणून स्वतःलाच घेऊन आलेलं हे पहिलंच गिऱ्हाईक.

मास्तर म्हणजे चित्रकलेचे निवृत्त मास्तर. बहीण खासगी तपासाची कामं करते आणि भलेभले वकील तिला वचकून असतात. मास्तर तिला छकुली म्हणतात. तिची पन्नाशी उलटली, केस पिकले, तरी त्यांच्या तोंडी दुसरं नाव बसत नाही, आणि गिऱ्हाइकासमोर जीभ आवरतही नाही. छकुलीने आता तक्रार करणं सोडून दिलं आहे.

"सुरुवातीपासून सांगा," ती म्हणाली.

काकूंचे यजमान घड्याळजी होते. घरातल्याच एका खोलीत त्यांचं काम चालायचं. वर्षभरापूर्वी ते गेले. त्या दिवशी काकूंनी खोलीतली सगळी घड्याळं बंद केली आणि दार ओढून घेतलं. आता मुलाने दुसऱ्या शहरात नवं घर घेतलं होतं. हे घर मोडायचं, काकूंनी मुलाकडे राहायला जायचं, असं ठरलं. सामान हलवणारे लोक आले. त्यांनी पहिल्यांदा घड्याळजींचीच खोली आवरायला घेतली.

"संध्याकाळपर्यंत सगळी खोकी बांधून झाली. खोलीत टेबल-खुर्ची तेवढी उरली. मी झोपेची गोळी घेऊन पडले. पहाटे जाग आली ती टिकटिकीने." काकूंनी पदराचं टोक मुठीत धरलं. "वर्षभर ऐकली नव्हती हो ती टिकटिक. मला वाटलं, मी मागच्या वर्षात जागी झालेय."

त्यांनी कप खाली ठेवला.

"दार ढकललं. खोकी फोडलेली. हत्यारं टेबलावर मांडलेली, दिवा लावलेला, डाव्या भिंतीवर घड्याळं, उजवीकडच्या फडताळात बरण्या, सगळं जागच्या जागी. पडदा तेवढा नव्हता. आणि खुर्ची..." त्या थांबल्या. "खुर्ची माझ्याकडे पाठ करून होती. जणू रुसून बसलेत. घर सोडते म्हणून."

"तुम्ही आत गेलात?"

"छे! उंबऱ्यावरूनच ओरडले. सगळे धावत आले. लोकांनी परत सगळं बांधलं. आज सकाळी पुन्हा तेच. आणि माझ्या गाऊनच्या बाहीला हा चिकटपट्टीचा तुकडा." त्यांनी रुमालाच्या घडीतून तपकिरी पट्टीचा तुकडा काढला. "माझ्या मुलाने मला बघितलं म्हणे, झोपेत खोकी सोडताना. संध्याकाळी डॉक्टर येणार आहेत. ते म्हणाले तर मला त्या संस्थेत ठेवतील, डोकं फिरलेल्या म्हाताऱ्यांना सांभाळतात तिथे."

"रात्री घरात कोण कोण असतं?"

"मी, मुलगा, सून आणि माझे धाकटे दीर. दाराला आतून कडी. दोन्ही सकाळी मीच उघडली."

छकुलीने पट्टी उजेडात धरून पाहिली आणि परत दिली. "काकू, एक सांगा. खोली तुम्ही परत लावायची ठरवली असती, जागेपणी, तर सगळ्यात आधी काय केलं असतंत?"

काकू कितीतरी वेळाने पहिल्यांदा हसल्या. "त्यांचा कोट खुंटीला लावला असता. दुसरं काय?"

*

घर गल्लीच्या टोकाला होतं. आत पाऊल टाकलं तसा मास्तरांना आपल्याच चपलांचा आवाज मोठा वाटायला लागला. भिंतींवर तसबिरींच्या जागी फिकट चौकोन उरले होते. बोललेला प्रत्येक शब्द रिकाम्या कपाटांत शिरून परत यायचा. अशा घरात माणूस आपसूक हळू बोलतो, आणि मग आपलं आपल्यालाच भ्यायला होतं.

त्या सगळ्या ओसाडीत एकच खोली भरलेली होती.

दार उघडताच टिकटिक अंगावर आली. घड्याळं एका लयीत नव्हती. एक पुढे, एक मागे, खोलीभर कुणी नखांनी टेबल वाजवत बसल्यासारखं. समोर उघडी खिडकी, मधोमध टेबल, टेबलावर चिमटे आणि भिंग, आणि अलीकडे, दाराकडे पाठ केलेली ती खुर्ची. भिंगाची दोरी वाऱ्याने हलत होती. दोरीच हलतेय हे मास्तरांनी दोनदा बघून घेतलं.

"काय दिसतं, दादा?" छकुलीने विचारलं. हा तिचा जुना खेळ. मास्तर बघतात ते सगळं, त्यांना उमगत काही नाही, असं ती म्हणते. मास्तरांना राग येतो, कारण ते खरं आहे.

"मांडणी चांगली आहे," मास्तर म्हणाले. "बारीक काम करणारा माणूस खिडकीकडेच तोंड करून बसणार. उजेड समोरून."

"आणि जमिनीवर?"

टेबलापलीकडे, खिडकीच्या बाजूला, फरशीवर दोन घासलेले पट्टे होते. पावलं वर्षानुवर्षं टेकून गुळगुळीत व्हावेत तसे. खुर्चीखालची फरशी मात्र खरखरीत, जशीच्या तशी.

"तिथे पूर्वी शिवणयंत्र असेल," मास्तरांनी ठोकून दिलं.

"असेल," छकुली म्हणाली आणि मागे वळली. दाराकडची भिंत उघडी होती. नुसत्या खुंट्या, आणि आरसा होता तिथला डाग. खाली कोपऱ्यात एक खोकं, घट्ट बांधलेलं. बाकीची सगळी फोडलेली, हे एकच नाही.

*

सामान बांधणाऱ्यांचा मुकादम पुढच्या खोलीत गाद्या गुंडाळत होता. धिप्पाड गडी, पण त्या खोलीकडे बघायचं टाळत होता.

"बाई, ही माणसं रोज चार-चार मजले पाठीवर कपाटं वाहतात, कुणाच्या बापाला भीत नाहीत. पण आज एकजण म्हणाला, मी त्या खोलीत जाणार नाही."

"तुमची बांधायची पद्धत काय?"

"एका भिंतीचं सामान एका जागी. खोक्यावर भिंत लिहायची. बंद केलं की पट्टीवरून खोक्यावर लाल पेनाची आडवी रेघ मारायची, मी स्वतः. कुणी उघडून परत चिकटवलं तर रेघ जुळत नाही. मोडतोडीचे आरोप आमच्यावर येतात ना!"

"आणि नव्या घरी परत कसं लावता?"

"फोटो. पडदा आधी काढतो, धूळ उडते. मग दारात उभं राहून खोलीचा एक फोटो. तो घरच्यांच्या ग्रुपवर टाकतो. साहेब, मॅडम आणि ते काका. आजींचा फोन साधा, बटणांचा."

"कोपऱ्यातलं ते खोकं?"

"दाराकडची भिंत. कोट, टोपी, आरसा. पहिल्या दिवसापासून बंदच आहे. रेघ बघा, एकसंध."

मास्तरांना हे सगळं जरा रटाळच वाटलं. त्यांचं लक्ष टिकटिकीकडे होतं. दार लावलं तरी ती थांबत नव्हती.

भावजी मागच्या खोलीत एका ट्रंकेवर बसले होते. म्हणजे काकूंचे धाकटे दीर, सडेफटिंग, सत्तरीच्या जवळचे. त्यांचं सामान कुठल्याच खोक्यात नव्हतं.

"मला कुठे नेतात?" ते म्हणाले. "मी भाड्याची खोली बघितलीय. घर मोडतंय, तर मोडू दे. वाईट वाटतं, पण म्हणून काय वहिनीला घाबरवू? मला तरी वाटतं, दादाच आला असेल. त्याला घर सोडवत नसेल."

"भावाशी गप्पा व्हायच्या?"

"रोज. मी खिडकीच्या कट्ट्यावर बसायचो आणि त्याच्या खांद्यावरून डोकवायचो. वैतागायचा तो. म्हणायचा, श्वास रोख, स्प्रिंग उडेल."

सूनबाई स्वयंपाकघरात भांडी वर्तमानपत्रात गुंडाळत होती. डोळे रडून सुजलेले.

"मी आईंना बघितलं नाही. हे म्हणाले, त्यांनी बघितलं. मला खरंच कळत नाही हो. नव्या घरात दोन बेडरूम, एक आमची, एक आईंची. पूर्वेकडची. मी रंगसुद्धा त्यांच्या आवडीचा लावून घेतला. आणि आता संस्था म्हणताहेत."

"सासऱ्यांच्या खोलीत जाणं व्हायचं तुमचं?"

"आत कोण येऊ देतंय! पदराच्या वाऱ्याने म्हणे स्क्रू उडतात. मी आपली मागच्या व्हरांड्यातून खिडकीतून कप पुढे करायची. ते मागे न बघता हात मागे करायचे, आणि मी हातात कप ठेवायची."

मुलगा अंगणात फोनवर होता. नीटनेटका, थकलेला माणूस. फोन ठेवून त्याने कपाळ पुसलं.

"आईने तुम्हाला आणलं म्हणे. बिचारी. हे बघा, मला काय हौस आहे का? पण मी डोळ्यांनी पाहिलंय. काल रात्री टिकटिक ऐकून उठलो, दारातून बघतो तर आई झोपेतच, बाबांचा कोट छातीशी धरून उभी. मग तिने तो खुंटीला लावला आणि कुरवाळत राहिली. हाक मारायचं धाडस झालं नाही माझं."

मास्तरांना स्वतःची आई आठवली.

"फार जपता त्यांना," छकुली म्हणाली. "नवं घर मोठं आहे?"

"कसलं मोठं! मला ऑफिस घरूनच चालवायचंय, त्यालाच एक अख्खी खोली जाते. टेबलं येऊन पडलीत तिथे."

"वडिलांची काही आठवण?"

त्याने घराकडे पाहिलं. "लहानपणी शाळेतून आलो की दारात उभा राहायचो. बाबांची पाठ दिसायची. कधी वळून बघितलं नाही त्यांनी."

हे बोलताना त्याचा आवाज खरंच कापला. मास्तरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

*

"दीर," गल्लीत येताच मास्तर म्हणाले. "बेघर होणारा तोच. घर मोडू नये म्हणून भुताटकी."

"घर मोडणं थांबलंय कुठे? ट्रक तर उद्या येतोच आहे. थांबतंय ते फक्त काकूंचं मुलाकडे जाणं."

"मग सून! सासू नकोय."

"पाहू," छकुली म्हणाली. "डॉक्टर येईपर्यंत मला त्या खोलीत बसायचंय. येतोस?"

मास्तर आले, पण खुर्चीत बसायला तयार झाले नाहीत. तिन्हीसांजेपर्यंत ते दाराला टेकून उभे राहिले. उजेड उतरत गेला तसतशी ती रिकामी पाठ जास्तच भरल्यासारखी वाटायला लागली. आता वळेल, आत्ता वळेल, असं त्यांना होत राहिलं. छकुली मात्र खाली फरशीवर मांडी घालून बसली होती, पेंगत असावी अशी.

डॉक्टर आले तेव्हा तिने सगळ्यांना त्याच खोलीत बोलावलं. काकू उंबऱ्याबाहेर थांबल्या. मुकादमही मागे उभा राहिला.

"डॉक्टर, तुमच्या आधी मी थोडं बोलते," छकुली म्हणाली. "या खोलीत जे कुणी येतं, त्याची एक खोड आहे. त्याला तीनच भिंती माहीत आहेत. समोरची, डावी, उजवी. चौथी त्याला दिसतच नाही. कोट, टोपी, आरसा अजून खोक्यात आहेत, दोन्ही रात्री ते खोकं फुटलं नाही. पडदाही लावला नाही."

घड्याळं बोलत होती.

"पडदा नसलेली तीन भिंतींची खोली कुणी पाहिली? दारात उभ्या राहिलेल्या कॅमेऱ्याने. ज्याने खोली लावली त्याने मुकादमांचा फोटो समोर ठेवून लावली. काकूंकडे तो फोटो पोचलाच नाही. त्यांनी झोपेत खोली लावली असती तर पहिल्यांदा कोट लावला असता. जागेपणीच विचारलं मी त्यांना."

"पण फोटो तिघांकडे आहे," मास्तर न राहवून म्हणाले.

"हो. म्हणून खुर्ची. मुकादम, पडदा काढताना खुर्ची कुठे होती?"

मुकादमाने डोकं खाजवलं. "तिकडे, खिडकीला पाठ लावून. स्टूल ठेवायला अडचण झाली म्हणून आम्हीच इकडे ओढली. परत ठेवायची राहिली. आयला! फोटोत ती इकडेच आली असणार."

"फरशी बघा. घड्याळजींची पावलं खिडकीच्या बाजूला झिजलीत. ते खिडकीकडे पाठ करून बसायचे. भावजी कट्ट्यावर बसून त्यांच्या खांद्यावरून डोकवायचे. सूनबाई मागून हातात कप द्यायच्या. या दोघांनी खोली लावली असती तर फोटो चुकलाय हे त्यांच्या हातांनाच कळलं असतं. दारातून घड्याळजींची पाठ दिसायची, असं मला एकाच माणसाने सांगितलं."

मास्तरांनी मुलाकडे पाहिलं आणि आपण त्याच्या खांद्यावर ठेवलेला हात त्यांना आठवला. फार वाईट वाटलं त्यांना, आणि रागही आला, बराचसा स्वतःचाच.

"हा काय पुरावा झाला?" मुलगा म्हणाला. "लहानपणचं आहे. चुकीचं आठवलं असेल."

"असेल. पण काल रात्रीचं तर लहानपणचं नाही ना? आईला कोट छातीशी धरून खुंटीला लावताना तुम्ही पाहिलंत." ती उठली आणि कोपऱ्यातलं खोकं दिव्याखाली आणलं. पट्टीवरून खोक्यावर गेलेली लाल रेघ एकसंध होती. "कोट यात आहे. पहिल्या दिवसापासून. आई काय करेल हे तुम्ही बरोबर ओळखलंत. फक्त तुमच्या हातून ते करायचं राहिलं, कारण फोटोत कोट नव्हता."

मुलगा खोक्यापासून एक पाऊल मागे सरकला.

"खोल्या दोनच आहेत, आणि एकीत यांची टेबलं आली आहेत," छकुली डॉक्टरांना म्हणाली, पण बघत सूनबाईकडे होती. "आई नको, असं तोंडाने म्हणता येत नव्हतं. आई आजारी आहे म्हटलं की कुणी नावं ठेवत नाही. त्यासाठी घड्याळांना चाव्या दिल्या. आईच्या बाहीला पट्टी चिकटवली."

सूनबाई भिंतीला टेकली. "टेबलं पुढच्या खोलीत ठेवू म्हणालात ना मला? मी रंग लावून घेत होते तेव्हाच तुम्ही..."

"मला वाटलं, तिथे तिची नीट काळजी घेतील," मुलगा फरशीकडे बघत म्हणाला. "माझं सगळं कर्जावर, काम, ताण... मला नाही म्हणता आलं नाही. कुणालाच."

डॉक्टरांनी बॅग न उघडताच उचलली.

"म्हणजे मी वेडी नाही," काकू उंबऱ्यावरून म्हणाल्या.

"अजिबात नाही," छकुली म्हणाली.

"सकाळी तुमच्याकडे येताना तेवढंच मागत होते मी." काकूंचा आवाज अगदी साधा होता. "वेडी निघाले असते तर बरं झालं असतं हो. माझा मुलगा तरी मला राहिला असता."

छकुलीने खाली वाकून ते खोकं पुन्हा कोपऱ्यात सरकवलं.

शेवटी मुकादम खाकरला. "आजी, उद्याचा ट्रक?"

"येऊ दे. याला न्यायचं ते हा नेईल. माझी खोकी सोडा. भावजी, तुमची ट्रंक पलंगाखाली सरकवा, भाड्याच्या खोलीची गरज नाही." मग त्या दोन दिवसांत पहिल्यांदा उंबरा ओलांडून आत आल्या. "आधी ते खोकं द्या इकडे."

मुकादमाने पट्टी कापली. काकूंनी कोट काढला, झटकला आणि खुंटीला लावला. मग खुर्चीला हात घातला. मास्तर मदतीला पुढे झाले, त्यांना त्यांनी मानेनेच नको म्हटलं. फरशीवरून करकरत खुर्ची टेबलाला वळसा घालून गेली आणि घासलेल्या पट्ट्यांवर बरोबर बसली.

"उजेड पाठीमागून यायचा म्हणून सगळे हसायचे त्यांना," काकू म्हणाल्या. "घड्याळजी आणि खिडकीकडे पाठ! दिवसाढवळ्या दिवा लावायचे. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, पोरगं शाळेतून येतं, ते दारात आलं की दिसायला नको का मला?"

मुलगा दारात उभा होता. बाहेर जायला निघालेला, तिथेच थांबलेला.

काकू खुर्चीत बसल्या आणि त्यांनी त्याच्याकडे पाहिलं.

"असे बघायचे ते," त्या म्हणाल्या. "रोज. तूच खाली मान घालून निघून जायचास."

त्याने आत्ताही मान वर केली नाही.